न्हाणीची जाळी

पाणी तुंबलं तेव्हा कायतानला बोलावलं.
कानामागे अर्धी विडी, हातात वाकडी तार.
जाळी उचलून त्याने ओढायला घेतलं
तर ते येतच राहिलं,
काळं, बुळबुळीत, लांब,
जणू खाली कोणी बाई बसलीय
आणि हा तिची वेणी उकलतोय.

मी दारात, कडेवर चार महिन्यांची शर्वाणी.
चोरीचा माल ओळखायला बोलावतात
तशी पुढे झाले. म्हटलं, "माझेच."
"जाणां मगो बाये," तो म्हणाला,
"म्हज्या बायलेचे पण असेच गेले, तिसऱ्याच्या वेळी."
"मग? परत आले?"
"आले. पण कुरळे."
दोनशे रुपये घेतले, आणि जुन्या मच्छरदाणीचा तुकडा
जाळीखाली बसवून गेला.

डिचोलीत सगळ्यांकडे उपाय आहे.
सासूबाई म्हणतात दृष्ट,
डोहाळजेवणाला सगळ्या वेणीकडेच बघत होत्या.
समोरची शकूताई जास्वंदीचं तेल देते,
बँकेतली मैत्रीण कांद्याचा रस सांगते,
तो लावून बघितला. दोन दिवस शर्वाणी
माझ्या खांद्याला तोंड लावेना.
आणि वल्लभ, जहाजावरून, तुटक आवाजात:
"मला तर काही दिसत नाही गं."
कसं दिसेल? फोन मी
हनुवटीच्या खाली धरते.

पोदेराचा भोंगा वाजायच्या आत उठून
उशीवरचे वेचते. मोजायचे एके काळी.
एकशे चाळीसला शर्वाणी रडली,
पुन्हा पहिल्यापासून मोजले, पुन्हा रडली,
मग सोडून दिलं.

त्या रात्रीचं रडणं मात्र वेगळं होतं.
पाजलं, फिरवलं, पोटावर हिंग लावला.
अडीच वाजता मोजा काढला:
उजव्या पायाचं मधलं बोट जांभळं,
आणि त्याच्या मुळाशी
तीन वेढे घेतलेला, दिसेल न दिसेल असा
माझा एक केस.

सासूबाईंनी फोनची बॅटरी धरली.
मी भुवयांच्या कात्रीने, श्वास न घेता.
असं कधी काही कापलेलं नाही,
नाळसुद्धा दुसऱ्या कोणी कापली होती.

सकाळी डॉक्टर लोटलीकरांनी बोट बघितलं,
भिंगातून, बराच वेळ. एकही वेढा उरला नव्हता.
मग चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं.
"पोटुशी होतीस तेव्हा जे गळायचे
ते गळले नाहीत. थांबून राहिले.
आता सगळे एकदम निघालेत.
हे मागच्या वर्षीचे आहेत बाई,
या वर्षीचे अजून उगवायचेत."
रक्त घेतलं, लोह बघायला, थायरॉइड बघायला.
म्हणाल्या, घट्ट बांधू नकोस, जेवण टाळू नकोस,
पहिल्या वाढदिवसापर्यंत वाट बघ,
नाहीच थांबले तर ये.
आणि मोजे रोज उलटे करून बघत जा.

लोह कमी निघालं. गोळीने तोंड
गंजलेल्या खिळ्यासारखं होतं. घेते.

बुधवारी बाजारात गेले. फुलवालीने
अबोलीची फाती माळून बघितली, सटकली,
पुन्हा माळली, पुन्हा सटकली.
काही बोलली नाही. दाताने दोरा तोडून
अर्धीच माळली. पैसे अर्ध्याचेच घेतले.
उरलेली अर्धी मी पिशवीत मागून घेतली,
घरी येऊन शर्वाणीच्या पाळण्याला बांधली.
तिच्याही डोक्यामागे
घासून घासून वाटीएवढं टक्कल पडलंय.
जावळ कुठे गेलं, तिने कोणाला विचारलेलं नाही.

काल आरशात कपाळाच्या कडेला
काहीतरी उभं दिसलं,
तरवा पेरल्यावर आठव्या दिवशी दिसतो तसं,
आखूड, ताठ, तेल लावलं तरी न बसणारं.
शर्वाणी मांडीवर होती.
ती मुठीत धरायला जाते
आणि अजून पुरत नाहीत.